पाहुणा पैलवान

मलकापूरच्या माणसाने कुस्ती बघायला जपानला जावं, हे आमच्या आखाड्यात कुणालाच पटलं नव्हतं. वस्ताद तर तोंडावर म्हणाले, "तिकडची कुस्ती नुरा असते म्हनतात. ठरवून केलेली कुस्ती पाहाले एवढ्या दूर कायले जाता बाप्पा?" त्यांचंही बरोबर होतं. आमच्या भागातल्या दंगलीत दोघांची खडाखडी जरा लांबली की पब्लिक 'नुरा, नुरा' ओरडायला लागतं आणि पंच दोघांनाही तसंच फडाबाहेर काढतात. पण निकालाचं मला फारसं पडलं नव्हतं. मला पाहुणा बघायचा होता. यात्रेच्या दंगलीत शेवटची मोठी जोड लावायची तर एक पैलवान बाहेरचा लागतो, हा आपला जुना रिवाज. जपानमधली व्यावसायिक कुस्ती तर सत्तर वर्षं याच पायावर उभी आहे. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, ब्रिटन इथले मल्ल काही आठवड्यांच्या दौऱ्यावर येतात, आज या गावात तर उद्या त्या गावात लढतात, मार देतात, मार खातात आणि घरी जातात. परक्या मुलखात हा माणूस नांदतो कसा आणि मुलूख त्याला वागवतो कसा, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हटलं. पुतणी टोकियोत नोकरीला आहे, तेव्हा मुक्कामाची चिंता नव्हती.

पुतणीचं घर निशिकासाईत, एदोगावा विभागात. इथे संगणकवाल्या भारतीयांची एवढी वस्ती झाली आहे की किराण्याच्या दुकानात तूरडाळ, हिंग, पोहे सगळं मिळतं. याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला, हे पुतणीने मला विमानतळावरून येतानाच ऐकवलं. तेही कुजबुजत. कारण गाडीत कुणीच बोलत नव्हतं. "काका, इथे ट्रेनमध्ये फोन उचलायचा नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही," ती म्हणाली. आता आमच्याकडे मलकापूरहून भुसावळला निघालं की बोदवड येईस्तोवर समोरच्याच्या घरात लग्नाची किती पोरं आहेत, कपाशीला भाव काय मिळाला आणि कुणाची किडनी कुठे दाखवली, इतकं सगळं कळलेलं असतं. इथे शेजारच्या माणसाच्या डोक्याने डुलकीत माझ्या खांद्याला आधार घेतला, तरी आमची ओळख झाली नाही. एवढी गप्प माणसं कुस्तीला जाऊन करतात तरी काय, हा प्रश्न मनात घेऊनच मी कोराकुएन हॉलला गेलो.

सुइदोबाशी स्टेशनजवळच्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर हा हॉल आहे. १९६२ साली सुरू झालेला, दोन हजारांच्या आतबाहेर माणूस मावेल एवढाच. पण जपानी कुस्तीशौकिनांना त्याचं मोल आपल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानाइतकं. जिन्याच्या भिंतींवर शौकिनांनी वर्षानुवर्षं पेनाने नावं, नवस, शिव्या, निरोप लिहून ठेवलेत. बाकी शहरात कागदाचा कपटा दिसत नाही, आणि इथे ही गर्दी. बहुतेक साऱ्या शहराने आपली मोठ्याने बोलायची हौस या एका जिन्यात आणून टाकली असावी.

खेळ सांगितलेल्या मिनिटाला सुरू झाला. पहिल्या काही लढतींत मुलींच्याही होत्या, आणि त्यांना टाळ्या पुरुषांपेक्षा रतीभरही कमी नव्हत्या. आपल्याकडे महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं. सांगलीत प्रतीक्षा बागडीने ती पहिली गदा उचलली, तोवर जपानी बायकांची व्यावसायिक कुस्ती पिढ्यान्‌पिढ्या दूरदर्शनवर गाजून झाली होती. निवेदक नाव पुकारतो तेव्हा चाहते रंगीत कागदी फितींच्या गुंडाळ्या रिंगणात भिरकावतात. पैलवान क्षणभर त्या फितींत बुडून जातो, आणि काळ्या चड्डीतली शिकाऊ पोरं धावत येऊन सगळा ढीग कवेत घेऊन पळतात. माझ्या शेजारच्या बाईंनी गुंडाळी फेकण्याआधी तिच्यातली पुठ्ठ्याची नळी बोटाने ढकलून बाहेर काढली आणि पिशवीत ठेवली. कुणाला लागू नये म्हणून. ज्याच्यावर फेकायची तो थोड्याच वेळात लोखंडी खुर्चीचा मार खाणार होता, तरीही.

मग विदेशी मल्ल आला. पुतणी म्हणाली, हा टेक्ससचा. मोठी हॅट, तोंडाने शिवीगाळ, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यावर धावून जाण्याचा आव. म्हातारा आनंदाने किंचाळत खुर्चीमागे लपला. लढत सुरू झाली आणि माझं आखाड्यात घडलेलं गणित कोलमडलं. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली. ज्याने अस्मान पाहिलं त्याचं वर्षभर गावात तोंड वर होत नाही. इथे पाठ टेकते आणि खरी कुस्ती तिथून सुरू होते. पंच जमिनीवर हात आपटून मोजतो, एक, दोन, आणि तिनाच्या आत खालचा खांदा उचलतो. पुन्हा पडतो. पुन्हा उठतो. फळ्यांवर पाठ आदळल्याचा आवाज गॅलरीपर्यंत येत होता. जपानी मल्लाने उघड्या तळव्याने त्या टेक्ससवाल्याच्या छातीवर असे काही तडाखे दिले की दहाव्या मिनिटाला छाती काव फासल्यासारखी लाल झाली. निकाल ठरलेला असेल; छाती ठरवून लाल करता येत नाही. शेवटी पाहुणा हरला. मघाशी त्याला हुसकावणाऱ्या लोकांनी तो पडद्याआड जाईपर्यंत टाळ्या थांबवल्या नाहीत.

खेळ सुटल्यावर जवळच्याच एका छोट्या खानावळीत शिरलो. मालक सत्तरीच्या घरातला. भारतातून आलोय म्हटल्यावर त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि ओरडला, "ताइगा जेत्तो शिन!" मग काउंटरवरचा डाव दातांत आडवा धरला, डोळे वटारले आणि आमच्या जावयाचा, म्हणजे पुतणीच्या नवऱ्याचा, गळा धरला. जावई बिचारा घास अडकून खोकत होता.

टायगर जीत सिंग हा मूळचा पंजाबातला, कॅनडात जाऊन पैलवान झालेला. १९७३ साली जपानमध्ये आला तो डोक्याला फेटा आणि दातांत तलवार घेऊन. समोर जपानचा लाडका अंतोनियो इनोकी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इनोकी बायकोबरोबर शिंजुकूत इसेतान या मोठ्या दुकानातून खरेदी करून बाहेर पडला आणि भर रस्त्यात जीत सिंगने त्याच्यावर हल्ला केला. पोलीस आले, वर्तमानपत्रं भरली. ते ठरवून होतं की नाही यावर शौकीन अजून हुज्जत घालतात. खानावळीचा मालक तेव्हा शाळेत होता. शुक्रवारी रात्री आठला सगळं घर टीव्हीपुढे बसायचं, आजी पदराआडून बघायची, असं तो सांगत होता. मी म्हटलं, आमच्याकडे सगळेच तलवार चावत नाहीत. तो म्हणाला, माहीत आहे, पण लहानपणी वाटायचं.

नंतर त्याने न मागता एक बशी पुढे केली. भाजलेलं वांगं. साल जळेपर्यंत निखाऱ्यावर धरलेलं, सोलून लांब चिरलेलं, वर किसलेलं आलं आणि सोयाचा थेंब. मी डोळे मिटून खाल्लं. आमचं भरिताचं वांगं पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, बडगीत हिरव्या मिरच्या नि लसणाबरोबर चेचतात, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे पडतात. चवीत वांगं किती आणि बाकीचं किती ते देवाला माहीत. इथे वांग्याला एकटं सोडलं होतं. दोन्हींत धूर मात्र तोच. मालकाला ते भरिताचं सांगितलं तर त्याने बडगीचा आकार हाताने विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम शिंजुकूला गेलो. इसेतानच्या त्या फुटपाथवर आता छत्र्या नि पिशव्यांची गर्दी. तिथून चार पावलांवर नाकामुराया हे जुनं दुकान आहे. ब्रिटिशांना गुंगारा देऊन १९१५ साली जपानला आलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस याच नाकामुराया चालवणाऱ्या सोमा कुटुंबाच्या आसऱ्याला राहिले, त्यांच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं, आणि १९२७ साली इथे 'भारतीय करी' सुरू झाली. ती अजून मिळते. हाडासकट कोंबडी, वेगळ्या भांड्यात रस्सा, शेजारी भात. आपल्या खानदेशी-वऱ्हाडी जिभेला ती सात्त्विक लागते, पण खाताना हसू येत होतं. एकाच चौकात दोन भारतीयांनी जपानी माणसाला भारत शिकवला. एकाने रस्सा वाढून, दुसऱ्याने गळा धरून. दोघांनाही आपण कुठले हे यजमानाला कळेल अशा भाषेत सांगावं लागलं, आणि दोघेही त्या एका खुणेपुरते उरले. बोसांची क्रांती कुणाला आठवत नाही. करी सगळ्यांना माहीत आहे.

हे डोक्यात घोळत असताना इकेगामीला होन्मोन्जी देवळाच्या आवारात गेलो. निचिरेन हा बौद्ध आचार्य या इकेगामीतच वारला. त्याच्या नावाने हे मोठं ठाणं. उंच दगडी पायऱ्या चढून मागच्या कबरस्तानात गेलं की रिकिदोझानचा ब्राँझचा अर्धपुतळा दिसतो, हाताची घडी घातलेला. समोर ताजी फुलं होती. जपानी व्यावसायिक कुस्तीचा हा बाप. आधी सुमो खेळायचा, तिथून बाहेर पडला आणि १९५४ च्या फेब्रुवारीत त्याने शार्प बंधूंशी लढत घेतली. युद्ध हरून नऊच वर्षं झालेली. टीव्ही घरोघर नव्हता, म्हणून चौकाचौकांत बसवलेल्या संचांपुढे लोक हजारोंनी जमले. धिप्पाड अमेरिकनांना आपला माणूस हाताच्या कडेचे तडाखे देतोय, हे बघून लोक रडले म्हणतात.

यातली गंमत पुढे आहे. शार्प बंधू अमेरिकन नव्हतेच, ते कॅनडाचे. आणि जपानचा तारणहार रिकिदोझान जन्माने कोरियन, आजच्या उत्तर कोरियात जन्मलेला. त्याने हे जगापासून लपवलं, कारण जपानी माणसाने कोरियनाला एवढं डोक्यावर घेतलं नसतं. म्हणजे कॅनडाच्या माणसांना अमेरिकन करून कोरियाच्या माणसाने जपानची लाज राखली. १९६३ च्या डिसेंबरात एका नाइटक्लबमध्ये त्याला कुणीतरी भोसकलं आणि आठवड्याभरात तो गेला. चाळिशीही उलटली नव्हती.

कबरीपुढे उभं राहून मला आपली दंगलीची पत्रकं आठवली. 'इराण', 'नेपाळ', 'दिल्ली', 'हरियाना' असं प्रत्येक नावापुढे ठळक छापलेलं असतं. नेपाळचा देवा थापा एवढ्याशा चणीने भल्याभल्यांना नाचवतो म्हणून लोक ट्रॅक्टर करून येतात. इराणी मल्ल आले की कोल्हापूर-सांगलीकडे गर्दी आवरत नाही. उत्तरेकडून कुणीही आला की जुन्या काळी आपण त्याच्या नावाला 'पंजाबी' चिकटवून मोकळे व्हायचो, मग तो मेरठचा का असेना. गावाला पाहुण्याचा खरा पत्ता नको असतो. आपल्याला ज्याच्याशी भिडायचं आहे, त्याचा पत्ता हवा असतो.

खऱ्या निकालाच्या कुस्तीचीही एक जागा टोकियोत बघायची राहिली होती. सेतागायातल्या कोमाझावा उद्यानातल्या व्यायामशाळेत १९६४ च्या ऑलिंपिकच्या कुस्त्या झाल्या. जपानने तिथे कुस्तीची ५ सुवर्णपदकं जिंकली. आपले गणपतराव आंदळकरही तिथेच फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत उतरले होते. पुनवतच्या मातीत वाढलेला, १९६० चा हिंदकेसरी, १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलेला माणूस. इथे पदक लागलं नाही. लाल मातीतून गादीवर जाताना पाय कसे फसतात, हे आमच्या आखाड्यातलं पोरही सांगेल. उद्यानात त्या दिवशी म्हातारी माणसं संथ धावत होती. मला खाशाबा जाधवांची आठवण झाली. हेलसिंकीत १९५२ साली त्यांना हरवणारा शोहाची इशीई हा जपानीच, आणि ते सुवर्ण युद्धानंतरचं जपानचं पहिलं. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर विसावा न देताच खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं गेलं, आणि त्यांच्या बाजूने भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असं आपल्याकडे सांगतात. पाहुण्याला त्याच्या बाजूने बोलणारं कुणी लागतं. खऱ्या कुस्तीतही.

टोकियो सोडून उत्तरेला मोरिओकाला गेलो, कारण दौऱ्याचं खरं रूप लहान गावातच दिसतं. हा इवाते प्रांत. क्षितिजावर इवाते डोंगर, खाली भातशेती आणि सफरचंदाच्या बागा. इथल्या कुस्ती संघटनेचा संस्थापक द ग्रेट सासुके कायम मुखवटा घालतो. २००३ साली तो प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आला तेव्हाही त्याने मुखवटा उतरवायला नकार दिला आणि तसाच सभागृहात बसला. लोकांनी ज्या तोंडाला मत दिलं ते हेच, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडच्या किती पुढाऱ्यांना हे म्हणता येईल?

मोरिओकाची दुपार वांको सोबाने गाजवली. एका छोट्या वाटीत घासभर शेवया असतात. मागे वाढपीण उभी. तुम्ही वाटी रिकामी केली रे केली की ती पुढचा घास त्यात टाकते, तोंडाने तालात ओरडत. नको म्हणून चालत नाही. हात आडवा केला तरी बोटांच्या फटीतून पडतं. वाटीवर झाकण ठेवलं तरच सुटका, आणि झाकण उचलून ठेवेपर्यंत ती पुन्हा वाढते. मला वाटलं होतं आग्रह करावा तो वऱ्हाडानेच. आमच्या पंगतीत पानावर आडवं पडलं तरी वाढपी "घ्या हो, एवढ्यानं काय होते" म्हणून जिलेबी सरकवतो. टोकियोत ज्यांनी मला शब्दानेही स्पर्श केला नव्हता, त्यांच्याच देशातल्या बाईने इथे माझा पार पराभव केला. शंभर वाट्या संपवणाऱ्याला लाकडी फळीवर नाव लिहून देतात. मी त्या फळीच्या आसपासही गेलो नाही. संध्याकाळी जावयाने इथल्या प्रसिद्ध थंडगार रेइमेन शेवया खाल्ल्या, वर टरबुजाची फोड असलेल्या. रस्सा गायीचा म्हणून मी नुसता बघत बसलो. हा पदार्थही १९५४ साली कोरियातल्या हामहुंगहून आलेल्या माणसाने सुरू केलेला. रिकिदोझानच्याच मुलखातला माणूस, आणि सालही तेच. आज त्याला मोरिओकाचं म्हणतात.

खेळ जवळच्या एका गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत होता. दारात बूट काढायचे, आत चटईवर मांडी घालून बसायचं, म्हणून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी लवकर पोचलो तर रिंगणाशेजारी शिकाऊ पोरं बैठका मारत होती. एक जण आकडे पुकारत होता, बाकीचे एका तालात खाली-वर. हात मागून पुढे, टाचा उचललेल्या, अगदी आपल्यासारख्या बैठका. घामाने फरशीवर प्रत्येकाच्या पायांची ओली वर्तुळं उमटली होती आणि सर्वात लहान पोराच्या मांड्या थरथरत होत्या, तरी तो ताल सोडत नव्हता. इथे याला सगळे 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात. जपानी मल्ल ज्याला कुस्तीचा देव मानतात तो कार्ल गॉच, मूळचा बेल्जियमचा, पोरांना पत्त्यांचा कॅट घेऊन बसवायचा. काळं पान निघालं तर त्यावरच्या आकड्याइतक्या बैठका, लाल निघालं तर जोर. कॅट संपेपर्यंत सुट्टी नाही. वऱ्हाडाला हे नवीन नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. पण इथे, जगाच्या या टोकाला, आपली बैठक आपल्या आधी येऊन, घरची होऊन बसली होती.

आणि तिथेच, टी-शर्ट विकायच्या टेबलामागे, कोराकुएनचा टेक्ससवाला भेटला. हॅट बाजूला, डोळ्यावर चष्मा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. आवाज इतका हळू की मला वाकून ऐकावं लागलं. तो कॅनडाचा निघाला, गव्हाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावचा. टेक्ससला तो आयुष्यात गेला नव्हता. हॅट जपानमध्येच विकत घेतलेली. पूर्वी यजमान आणि पाहुणे यांच्या बस वेगळ्या असायच्या, शत्रू एकत्र जेवताना कुणाला दिसू नयेत म्हणून. आता लहान संघटनांना ते परवडत नाही. ज्याच्याशी रात्री मारामारी, त्याच्याच खांद्यावर दुपारी झोप. सकाळी दुकानातला भाताचा त्रिकोण, उकडलेली कोंबडी, पुन्हा बस.

"तुमच्याकडे हरणाऱ्याला पैसे मिळतात का?" त्याने विचारलं. मी सांगितलं, मोठ्या जोडीत दोघांचं आधी ठरलेलं असतं, पण लहान कुस्तीत इनाम जिंकणाऱ्याचं, हरणारा अंगाची माती झटकत घरी. तो म्हणाला, मग तिथे मी उपाशी मरेन. इथे मला हरण्याचेच पैसे देतात, फक्त हरणं चांगलं जमलं पाहिजे.

खेळानंतर सगळे गरम पाण्याच्या झऱ्यावर निघाले. दारावरच्या बाईंनी माझ्या मनगटावरचं गोंदण बघितलं. लहानपणी यात्रेत काढलेला मारुती. जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी लावतात, म्हणून अनेक सार्वजनिक स्नानगृहांत ते चालत नाही. बाईंनी कमरेत वाकून माफी मागितली आणि मारुतीवर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी लावून दिली. कॅनडावाल्याचे दोन्ही दंड खांद्यापर्यंत गोंदलेले. एवढी पट्टी कुठून आणणार? तो बाहेरच्या बाकावर दुधाची बाटली पीत बसला. आत मी लंगोटही नसलेल्या अवस्थेत, टॉवेलचा चौकोनी तुकडा कुठे धरावा या विवंचनेत, आणि माझ्या शेजारी रात्रीचा विजेता डोळे मिटून बसलेला. गावाने ज्याला तीन तास शिव्या दिल्या नि टाळ्या दिल्या त्याला टाकीत जागा नव्हती. पाहुणचाराला कुठेतरी कुंपण असतंच. आमच्या दंगलीतला इराणी पैलवानही फडात खांद्यावर मिरवला जातो. रात्री त्याला कुणाच्या घरी ताट वाढलं जातं, हे विचारायला हवं.

ओसाका हा दौऱ्याचा शेवट. इथली माणसं टोकियोवाल्यांसारखी अबोल नाहीत. दुकानदार थट्टा करतो, भाव सांगताना डोळे मिचकावतो, गाडीतही आवाज असतो. मला इथे मुक्काम वाढवावासा वाटला. सेम्बा या जुन्या कापडबाजारात १९३१ साली बांधलेलं कापूस-व्यवसायाचं भव्य भवन आहे, मेंग्यो काइकान. बाहेरून साधं, आत इटालियन, इंग्रज, फ्रेंच थाटाच्या बैठकी. दारात उभा राहून मी ते जिनिंगच्या धंद्यात वाढलेल्या माणसाच्या नजरेने बघत होतो. कारण यातला काही पैसा आमच्या काळ्या मातीतूनही आला असणार. मुंबईहून जपानला कापूस नेण्याचं भाडं युरोपीय जहाज कंपन्यांनी फार चढवलं होतं. १८९३ साली जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीशी संधान बांधून मुंबई-कोबे अशी थेट बोटसेवा सुरू करवली आणि त्यानंतर आखूड धाग्याचा आपला कापूस गठाणींनी ओसाकाच्या गिरण्यांत येऊ लागला. जपानी कंपन्या पुढे हिंदुस्थानातल्या बाजारांत स्वतः खरेदीला उतरल्या. १९३३ साली आयातकरावरून बिनसलं तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घ्यायचंच बंद केलं, आणि पुढच्या वर्षी करार करून दोघांनाही पुन्हा एकमेकांच्या दारात यावं लागलं.

वऱ्हाड-खानदेशचा तो कापूस व्यापारात 'ऊमरा' नावाने ओळखला जायचा, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. गठाण मलकापूरची असो की खामगावची, बंदरावर ती ऊमराच. आमच्या गावाचं नाव ओसाकात कधी पोचलं नाही. कापूस पोचला, सूत झाला, अंगावर चढला. त्या दारात मला शार्प बंधूंचा नि त्या कॅनडावाल्याचा राग येईनासा झाला. दूर जाणाऱ्या प्रत्येकावर कुणीतरी सोयीचा शिक्का मारतंच. शिक्का खोटा असला तरी धागा खरा असतो, आणि ताण धाग्यावरच पडतो. वस्तादांना नुरा म्हणजे काय ते नीट समजावून सांगायचं तर मला एवढंच सांगता येईल.

नाम्बाच्या मोठ्या व्यायामशाळेत कॅनडावाल्याची त्या दौऱ्यातली शेवटची लढत झाली. ओसाकाकरांनी त्याला अस्सल स्थानिक शिव्या घातल्या, त्याने त्यांच्याच बोलीत एक परत केली आणि अख्खी गॅलरी हसून लोळली. तो हरला, उत्तम हरला. बाहेर ओकोनोमियाकी या जाड धिरड्यांच्या तव्यापुढे आम्ही बसलो. पुढच्या वेळी संघटना त्याला रशियन करणार होती. हॅटचं काय करावं याचा तो विचार करत होता.

मी म्हटलं, आमच्या मलकापूरला या एकदा, यात्रेच्या दंगलीला. तो हसला. "तुमच्याकडे मी कुठला?"

"पत्रकावर अमेरिका छापतील. कॅनडा छापलं तर ट्रॅक्टर निघणार नाहीत."

"छापू द्या," तो गुडघा चोळत म्हणाला. "फक्त त्यांना सांगा, माती आदल्या दिवशी नीट खणून ठेवा म्हणावं. पडणार मीच आहे."